आल्यावर म्हण

त्या दुपारी भामाला राग आला होता, आणि तो बाबांचाच होता. जळगाव जामोदचे पाहुणे तिला बघायला येणार होते, आणि तिला न विचारताच बाबांनी त्यांना या म्हणून कळवलं होतं.

अमडापुरात मोटार थांबायची ती तिच्या बाबांच्या, भगवानरावांच्या ओसरीपुढं. मोटार कंपनीचे एजंट तेच. एक टेबल, तिकिटांची पेटी, भिंतीवर वेळापत्रकाची पाटी, की झालं ऑफिस. भामा मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. सकाळची शाळा आटोपली की ओसरीच्या खांबाला टेकून वाचत बसायची. आजही बसली होती, पण पुस्तकातलं अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

भगवानराव नवी तिकीटबुकं आणायला खामगावला निघाले होते.

"येतो बरं, भामे."

निघणाऱ्यानं येतो म्हणायचं आणि मागं राहणाऱ्यानं या म्हणायचं, एवढीच रीत. पण भगवानराव त्या 'या'शिवाय पायरी उतरत नसत. एक पाय खाली, एक वर, असे उभे राहत.

"म्हण ना वं."

भामानं पान उलटलं.

"मोटार भोंगा वाजवून राह्यली, भामे. लोकं खोळंबले."

तिनं आणखी एक पान उलटलं.

ते हसले. टोपी सारखी केली. "बरं... आल्यावर म्हण," म्हणाले, आणि उतरले.

घाटातल्या वळणावर मोटारीच्या पुढच्या चाकाचा दांडा तुटला. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. भगवानराव पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते.

पंधरा दिवसांत, लांबच्या एका जिल्ह्यात, त्याच जातीच्या मोटारीचा तोच दांडा तुटला. मग नागपूरहून हुकूम निघाला. चपट्या लांब नाकामुळं त्या मोटारीला सगळे बदक म्हणत. तपासणी होऊन नवे दांडे बसेपर्यंत एकही बदक हलता कामा नये, जे जिथं असेल तिथंच उभं राहील, असं हुकुमात होतं. कंपनीच्या सात मोटारींपैकी पाच बदकं होती. त्यातलं एक नेमकं भामाच्या ओसरीसमोर, लिंबाखाली अडकलं. रोज सकाळी दार उघडलं की समोर ते नाक.

एके दिवशी शाळेतून परतताना तिला त्या मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले.

"कोण हाये तिथं?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "चालू नका करू!"

पाय आत गेले, आणि दुसऱ्या बाजूनं काळ्या तेलानं माखलेला एक चेहरा वर आला. तिशीच्या आतला. डोळे तेवढे स्वच्छ.

"चालू नाही करत, बाई. दांडा कुठून चिरते, ते पाहून राह्यलो. मी शेषराव... मेहकरचा, कंपनीचा मिस्त्री." त्यानं ओसरीकडं पाहिलं. "तुमच्या बाबांनी मले एकदा जेवू घातलं होतं. याच ओसरीवर."

भामा आत गेली. पण हात धुवायला पाणी आणि राख घेऊन झुंबरआत्या बाहेर आली, ती भामानंच पाठवलेली होती.

मोटारी थांबल्या, पण माणसं कशी थांबतील? कंपनीनं शेषरावला त्यासाठीच पाठवलं होतं. उरलेल्या दोन मोटारी त्यानं रस्त्याच्या दोन टोकांना लावल्या, एक चिखलीकडं, एक खामगावकडं. मधला पल्ला दोन बैलांच्या हलक्या दमणीनं. उंद्रीला बैल बदलायचे. कापसाचे दिवस, रिकामी जोडी कुणाकडं मिळेना. तो वाड्यावस्त्यांवर हिंडला, अन्वरमियांचा टांगा ठरवला. डाकेची थैली आधी, मग आजारी माणूस, मग लेकुरवाळी, मग बाकीचे, असा क्रम लावला. तिकिटं आणि पाटी भामानं स्वतःहून हाती घेतली. बाबांच्या हातची पाटी दुसऱ्यानं लिहिलेली तिला बघवली नसती.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. दमणी वेळेवर सुटली, आणि रिकामी सुटली. उतारू सारे घरी जेवत बसलेले.

"भोंगा कुठी वाजला?" रामराव सावकाश हात पुसत आले. "भोंगा वाजल्यावर मी शेवटचा घास घेतो. आज इतकी वर्सं झाली."

"भोंगा मोटारीले असते, रामरावजी. बैलाले नसते," शेषराव म्हणाला.

"मग लावा ना बे!"

दुसऱ्या दिवशी शेषरावनं बदकाचा रबरी भोंगा सोडवून खरंच दमणीला बांधला आणि ऐटीत दाबला. पों! बैलांनी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. ते उधळले ते थेट चौकातल्या कापसाच्या ढिगात घुसले. शेषराव त्यातून उठला तेव्हा मिशा, भुवया सगळं पांढरं झालेलं.

"माय वं!" झुंबरआत्या ओरडली. "एका घडीत म्हातारा झाला पोरगा!"

आणि भामा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता तिनं तोंडावर पदर धरला, तरी हसू थांबेना. शेषराव तसाच उभा, कापूस झटकायचंही विसरून तिच्याकडं बघत राहिला.

"काऊन थांबले?" ती म्हणाली.

"झटकला तं तुमचं हसणं थांबन..."

ती आत पळाली.

मग भोंगा ओसरीच्या खांबाला टांगला गेला. बैल जुंपायच्या आधी तो भामानं वाजवायचा, असं ठरलं. दुपारी दमणी गेली की शेषराव पायरीवर बसे आणि ती टेबलाशी. बोलणं थोडंच होई. लिंबाची पिवळी पानं बदकाच्या टपावर पडत. आतल्या गादीवर आत्याची कोंबडी खुडूक बसली होती.

"बदकात कोंबडी," शेषराव म्हणाला. "कंपनीले कळलं तं माझी नोकरी जाईन."

"तिचं तिकीट फाडते मी. लेकुरवाळीत धरू."

"अन् मी कोणत्यात? आजाऱ्यात धरता का?"

"काय झालं तुम्हाले?"

"झोप नाही लागत आजकाल..."

तिनं खाली बघून पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतंच.

एकदा निघताना तो म्हणाला, "येतो, बाई." तिनं पाटी पुसायला घेतली. दोन पायऱ्या उतरून तो वळला. "एक विचारू? सारे जण येतो म्हणतात, तुम्ही तिकीट देता... पण या म्हणून कोणालेच म्हणत नाही. काऊन?"

तिनं सांगितलं. आवाज कुठंही न हलवता, पाटीकडं बघत, सगळं सांगितलं. पुस्तकाची दोन पानं, आणि 'आल्यावर म्हण'. हे तिनं आत्यालाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून शेषरावनं येतो म्हणणंच सोडलं. निघताना खांबाचा भोंगा बोटानं हलकेच दाबायचा... पों... आणि जायचा. म्हणजे तिला उत्तर द्यायची गरजच उरली नाही.

फाल्गुनात नवे दांडे आले. नागपूरच्या साहेबांनी येऊन प्रत्येक दांडा ठोकून पाहिला, कागदावर सही केली, बदकं मोकळी झाली. पण अमडापूरचं एकही माणूस चढेना. रामराव तर म्हणाले, "दमणीच बरी बा. घास तरी निवांत होते."

शेषराव म्हणाला, "मी नेतो. रिकामी नेतो, घाट उतरतो, अन् परत आणतो. मग बसा."

ओसरीसमोरचंच बदक होतं ते. कोंबडीला पिलांसकट टोपलीत हलवलं. गादी झटकली. चौकात माणसं जमली, पण दहा हात लांबच. शेषरावनं खांबाचा भोंगा सोडवून मोटारीला परत लावला. आता निघताना हळूच दाबायला काही उरलं नाही.

भामा पायरीपाशी आली. "दमणी चालून राह्यली ना चांगली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कोणी दुसरा ड्रायव्हर..."

"दांडा मी बसवला. मग दुसऱ्याले कसा पाठवू?" तो म्हणाला. "अन् मी नाही नेली, तं ही मोटार जलमभर तुमच्या दारात उभी राहीन. तुम्ही रोज तिच्याकडं पाहता... मले माहीत हाये." तो घुटमळला. "एक विचारायचं होतं. आल्यावर विचारतो."

"आल्यावर नको." ती इतक्या पटकन म्हणाली की चौकातल्या दोघांनी वळून पाहिलं. "आताच विचारा."

त्यानं टोपी काढली, हातात फिरवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जळगावचे पाहुणे... अजून येणार हायेत का?"

"आत्यानं नाही म्हणून कळवलं. मीच सांगितलं होतं."

"मग... मी आलो तं? म्हणजे आज संध्याकाळी तं येईनच. पण नंतर... कायमचा? चालन?"

भामाचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. त्यानं मान हलवली, आणि पायरी उतरायला लागला. एक पाय खाली, एक वर. तिथं तो थांबला, आणि कितीतरी दिवसांनी म्हणाला,

"येतो, भामाबाई."

टोपलीत पिलं चिवचिवत होती. भामानं खांब धरला.

"या," ती म्हणाली. मोठ्यानं, चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या, बाबा..."

आणि थबकली. आपण काय बोलून गेलो, ते तिच्या कानांनी ऐकलं. डोळे भरून आले. आत्यानं दारात पदर तोंडाला लावला. शेषराव हसला नाही, उतरलाही नाही. एक पाय खाली, एक वर, तसाच वाट बघत उभा राहिला.

तिनं डोळे पुसले. खांब सोडला.

"अन् तुम्ही बी," ती म्हणाली. "संध्याकाळी... अन् कायमचे. या, शेषराव. या."