वाईट हवेचे दिवस

पहिली भेट भांडणातच झाली. मैदानाच्या कोपऱ्यात हवा तपासायची केबिन होती. तिथे ती काम करायची. आज सराव थांबवा, असा फोन तिने करून ठेवला न ठेवला तोच मुलांना पळायला शिकवणारा मास्तर दारात हजर. गळ्यात शिट्टी, कपाळावर आठ्या.

"आकाश बघा जरा, किती निळं आहे... आणि तुम्ही म्हणता मुलांना पळवू नका?"

तिने पडद्यावरची चढती रेघ दाखवली. असं रखरखीत ऊन पडलं, वारा थांबला, की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून ओझोन तयार होतो. दिसत नाही, पण मुलांच्या छातीला बाधतो. मर्यादा ओलांडली की ऊन उतरेपर्यंत सराव बंद. मास्तरने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग हळूच म्हणाला, "ऊन उतरेपर्यंत इथेच बसलो तर... चालेल?"

न चालायला काय झालं! तेव्हापासून हवा बिघडली की फोन, आणि फोन आला की मास्तर. पंख्याखालची एकुलती एक खुर्ची त्याचीच झाली. ती टेबलाला टेकून उभी राहायची. तो मुलांच्या नकला करायचा, ती हसून बेजार व्हायची. चहा देताना बोटाला बोट लागलं, की दोघंही एकदम रेघेकडे बघायची. मुलं तिला हवामॅडम म्हणत. आपसात आणखी काय म्हणत, ते विचारू नका.

आता गंमत बघा. हवा सुधारावी म्हणून अहवालांवर अहवाल लिहिणारी ही बाई सकाळी ढग दिसले की हिरमुसायची. स्वतःचाच राग यायचा तिला. तरी आकडा कधी फुगवला नाही हो. काम ते काम.

आणि त्या कामाला यश आलं. कारखान्यांवर बंधनं आली, जुन्या बस गेल्या, वर्षागणिक रेघ खाली सरकली. फोन कमी झाले. शेवटी एक उन्हाळा असा गेला, की मर्यादा एकदाही ओलांडली नाही. साहेबांनी केक कापला. तिने आपला तुकडा तसाच बशीत ठेवला.

त्याच आठवड्यात मास्तर आला, पहिल्यांदाच फोनशिवाय. दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. आईने तिकडचं स्थळ पाहिलं होतं, होकारही देऊन झाला होता.

"चांगल्या हवेत का नाही आलात कधी?" तिने विचारलं.

"तुम्ही बोलावलंत कुठे? मला वाटायचं, फोन फक्त कामापुरता..."

"आणि मला वाटायचं, कामाशिवाय फोन केला तर तुम्ही काय म्हणाल."

"धावत आलो असतो, वेडाबाई."

खुर्ची रिकामीच होती. ती बसा म्हणाली नाही, तोही बसला नाही.

पुढच्या वर्षी मर्यादा आणखी कडक झाली. काल चालून जायचा तो आकडा आता वाईटात जमा होऊ लागला. तसा पहिला दिवस उजाडला तेव्हा तिचा हात आपोआप फोनकडे गेला. पलीकडे नवे मास्तर होते. अगदी सज्जन माणूस. मुलांना लगेच आत घेतो म्हणाले. मी तिकडे यायला हवं का, असंही विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "फोनवर भागतं."

पहिल्यापासून फोनवरच भागत होतं. जुन्या मास्तरला ते ठाऊक होतं, आणि तिलाही.