काढून टाकलेलं दार

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर चितेगावला या आणि त्या न्हाणीत सरळ चालत शिरून दाखवा. कपाळाची जबाबदारी तुमची.

पैठण रोडवरचा बायकांचा वृद्धाश्रम. मागच्या मार्चमधला गुरुवार, सकाळचे दहा. भुताला शोभेल अशी वेळच नव्हती.

उजमा तिथं म्हाताऱ्यांची सेवा करायची. मॅनेजर काकासाहेब. हे गृहस्थ कुणालाच नावानं हाक मारत नसत. खाटेच्या नंबरानं. "ए सात, चल आंघोळीला."

सात म्हणजे द्वारकाबाई. त्यांचं रोजचं एकच म्हणणं, "पोरी, दार लावून घे गं."

न्हाणीला दार होतं कुठं?

लावण्या-उघडण्यात वेळ जातो म्हणून काकासाहेबांनी ते बिजागऱ्यांसकट काढलं होतं. दोन ड्रमवर आडवं टाकून त्याचं ऑफिसचं टेबल केलं होतं. कडी तशीच होती. तीत ते पेन खोचायचे.

एक दिवस कुणाच्या तरी वाढदिवसाची फळं वाटायला पाहुणे आले. काकासाहेब त्यांना आश्रम दाखवत न्हाणीपाशी घेऊन आले. आत द्वारकाबाई स्टुलावर, अंगाला साबण. पाहुण्यांनी मोबाइल वर केले.

"बघा, आंघोळसुद्धा आम्हीच घालतो," काकासाहेब म्हणाले.

द्वारकाबाईंनी तांब्या तोंडासमोर धरला. झाकायला तेवढंच होतं.

उजमा शेजारीच होती. चौकटीत आडवं उभं राहायला दोन पावलं लागली असती. तिला नोकरी आठवली. ती साबण चोळत राहिली.

त्यानंतर द्वारकाबाईंनी अंगाला पाणी लावू दिलं नाही. बाराव्या दिवशी गेल्या. तशाच. काकासाहेबांनी वहीत लिहिलं, 'सात रिकामी.'

तीन दिवसांनी तो गुरुवार आला. दहाच्या ठोक्याला ऑफिसात आवाज झाला...

खट्ट.

टेबलाची कडी लागली होती. पेनाचे दोन तुकडे.

काकासाहेबांनी कडी काढली.

खट्ट.

तेवढ्यात न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज... आत कुणीच नव्हतं. सगळ्या म्हाताऱ्या बाहेर बाकावर रांगेत. काकासाहेब तणतणत निघाले, उघड्या चौकटीतून आत शिरायला गेले.

धाड.

कपाळाला टेंगूळ. समोर नुसती हवा.

"कोण हाय?" आतून विचारणा झाली.

"मॅनेजर."

"नंबर सांग."

काकासाहेबांना नंबर नव्हता. बाकावरच्या सुरेखाबाई, म्हणजे खाट चार, वर्षात पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी कडुबा सुताराला बोलावलं. त्यानं चौकटीवर टेप धरला, हातानं चाचपलं आणि गुमान अवजारं पिशवीत भरली.

"साहेब, दार हाय की. दुसरं कुठं बसवू?"

तेव्हापासून उजमा हवेवर टकटक करायची. जिची आंघोळ, तिचं नाव सांगायची. ऑफिसातल्या टेबलाची कडी निघायची, मग वाट मोकळी.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी तिनं टकटक केली. शेजारी सुरेखाबाई, हातात टॉवेल. कडी निघाली नाही.

"उजमा हाय का?"

"व्हय, आजी."

"त्या दिवशी दारात का नाय उभी राहिलीस गं?"

उजमानं पुन्हा टकटक केली.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. सुरेखाबाई आत गेल्या. मागोमाग उजमा निघाली, तर तिच्या नाकासमोर...

खट्ट.

आत तांब्या वाजला. कुणीतरी हळूच विचारलं, "सुरेखाबाई, पाणी लई ऊन नाय ना?"

आता उजमा रोज दहा वाजता बाहेरच उभी असते. हवेला पाठ टेकून.

अजून तरी पडली नाही.