साडेपाच तासांची चूक

“मॅडम, सतराव्या ओळीत कंस बंद कराचा राह्यला.”

महागावहून फुलसावंगीला निघालेल्या एसटीत, खड्ड्याखड्ड्याला उडणारा लॅपटॉप गुडघ्यांत दाबून बसलेल्या मोनालीनं झटकन मान वर केली. बोलणारा शेजारीच होता. पण आता तो खिडकीबाहेरची कपाशी अशी काही न्याहाळत होता, की बोललं ते दुसरंच कुणीतरी असावं.

“दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावता काहून?”

“मी कुठं डोकावलो? गाडी उडून राह्यली, तुमचा लॅपटॉप उडून राह्यला... दरवेळी सतरावी ओळच समोर येते, त्याले मी काय करू?”

तिनं ओळी मोजल्या. कंस खरंच उघडा होता. आधीच्या गाडीत आर्णीपासून ती त्याच चुकीच्या मागे लागली होती, आणि या गृहस्थाला ती उडत्या गाडीत तिरक्या नजरेनं दिसली! खरं तर राग यायला हवा होता. आलं मात्र हसू.

“इंजिनिअर आहे का तुम्ही?”

“बीएस्सी. बाकीचं डोंगरावर शिकलो.”

त्याचं नाव बादल. फुलसावंगीच्या वरच्या अंगाला, सागाच्या जंगलाला टेकून असलेल्या तांड्यावर राहायचा. तांड्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून टेकडीच्या माथ्यावर एका काळ्या दगडावर बसून हैदराबादच्या एका छोट्या कंपनीचं काम करायचा. “माहं ऑफिस,” तो म्हणाला. “एसी तर असा आहे, हिवाळाभर बंदच होत नाही.”

मोनाली राळेगावची. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण तीन वर्षांपासून काम घरून. यवतमाळात एका चहाच्या टपरीवर चार प्रोग्रॅमर जमवून तिनं कपाशीच्या वऱ्हाडी नावाचा ‘पऱ्हाटी कट्टा’ सुरू केला आणि बघता बघता चाराचे चाळीस झाले. आता तिच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. डिसेंबरात सगळ्यांनी दोन दिवस डोंगरावर जायचं. मंच नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. ज्याला जे सांगायचं आहे त्यानं ते कागदावर लिहून झाडाला अडकवायचं आणि ज्याला ऐकायचं आहे त्यानं त्या झाडाखाली येऊन बसायचं. बस्स! त्यासाठीच ती डोंगर शोधत हिंडत होती. दोन बघून झाले होते. एकावर पाणी नव्हतं आणि दुसऱ्यावर लग्नाचा डीजे होता.

“डोंगर पायजे?” बादल म्हणाला. “मंग चाला आमच्याकडं. पाणी आहे, डीजे नाही.”

ती गेली. आणि टेकडीवर पाय ठेवल्या ठेवल्या तिला कळलं की शोध संपला. खाली तुरीची पिवळी फुलं, वर साग, मध्ये सपाट माळ. ऊन असं कोवळं, की नुसतं बसून राहावं.

तांड्याचे नाईक रामसिंग यांची परवानगी मात्र लागणार होती. पांढऱ्या मिशांच्या नाईकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चाळीस माणसं येतीन अन् करतीन काय?”

“बोलतील. कॉम्प्युटरबद्दल.”

“बोलाले डोंगर कायले पायजे?”

मोनाली खरं तेच बोलली. “बाबा, खाली आम्ही सगळे एकेकटे काम करतो. दिवसभर बोलाले कोणीच नसते.”

नाईकांनी मान हलवली. हे त्यांना पटलं असावं. “या. पण पहिलं जेवण तांड्याचं. अन् आमची रीत ध्यानात ठेवा... पाहुणा वाटेवर असला का तांड्यातलं मोठं माणूस जेवत नाही.”

बादलची आई हंसाबाई दारात उभ्या होत्या. त्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत लेकाला काहीतरी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. म्हणे, छोरी हाडकुळी आहे, जेवू घाल.” बादलचे कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतर महिनाभर तयारी चालली. बादल कट्ट्यात आला आणि पहिल्याच दिवशी त्याला दोन नियम सांगितले गेले. एक, इथं सर-मॅडम आणि तुम्ही-बिम्ही चालत नाही. दुसरा, आपण लिहिलेला प्रोग्रॅम आपणच पास करायचा नाही. दुसऱ्यानं तो ओळ न् ओळ वाचायचा, मगच तो पुढे जाणार. आणि पुढे जाऊन बिघडला, तर चूक दोघांची. मोनालीचं लिहिलेलं वाचायचं काम आपोआपच बादलकडे आलं.

आपोआपच म्हणायचं. त्यानं ते मागून घेतलं होतं हे सगळ्या कट्ट्याला ठाऊक होतं.

नावनोंदणीचा फॉर्म, जेवणाऱ्यांची यादी... ती जे जे पाठवी ते शेरे लावून परत येई. ‘इथं चुकलं.’ ‘हे नाव समजत नाही.’ ‘हे छान लिहिलं, पण तुले सांगाचं नव्हतं.’ ती रोज संध्याकाळी फोन करून भांडायची. भांडण अर्धा तास चालायचं, त्यातली कामाची मिनिटं पाच. कधी दगडावर वारा सुटे आणि त्याचा आवाज तुटायचा, “मोना... ऐकू येऊन राह्यलं का?” आणि ती, सगळं स्वच्छ ऐकू येत असताना, मुद्दाम म्हणायची, “नाही. पुन्हा सांग.”

तेवढ्यात पुण्याहून मेल आला. एक जानेवारीपासून सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं. येणार की नाही ते रविवारपर्यंत कळवा. तो रविवार नेमका डोंगरावरचा दुसरा दिवस होता.

मोनालीला जायचं नव्हतं. पण ‘नाही’ लिहायला हातात काहीतरी हवं होतं. इथं आपलं काही उभं राहतंय, कुणाला तरी आपण हव्या आहोत, एवढं तरी. आणि खरं सांगायचं तर तिला एकाच माणसाकडून एकच शब्द हवा होता. राहा.

तिनं बादलला सांगितलं. पलीकडे दगडावर वारा सुटला होता.

“पुणं चांगलंच आहे की,” तो म्हणाला. “जा न.”

तिनं फोन ठेवला आणि उशीला दोन गुद्दे मारले. दोन दिवसांनी तिनं शेवटचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. गाडी यवतमाळहून किती वाजता सुटणार, हे तो प्रत्येकाला मोबाइलवर कळवणार होता. तिनं तो बादलकडे पाठवला आणि अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. ‘पास.’ एक शेरा नाही, एक खोडी नाही. महिनाभर स्वल्पविराम न सोडणारा माणूस अर्ध्या मिनिटात मोकळा झाला! आता याला काही पडलेलं नाही, मोनालीनं मनाशी म्हटलं, आणि ते फार लागलं तिला.

शुक्रवारी ती एकटीच पुढे आली आणि हंसाबाईंकडे मुक्कामाला राहिली. बादलशी बोलली ते फक्त सतरंज्या आणि पाण्याच्या टाकीबद्दल. शनिवारी उजाडताच तांड्यावर गोवऱ्यांचा जाळ पेटला. आत कणकेचे रोडगे भाजायला पडले, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटू लागली. सातला निघालेली गाडी दहापर्यंत पोचायला हवी होती. साडेदहा झाले. अकरा वाजले. शेवटी मोनाली धापा टाकत काळ्या दगडावर चढली आणि रेंज आल्याबरोबर तिनं कट्ट्यातल्या संघदीपला फोन लावला.

“कुठं आहे तुम्ही?”

“घरीच. दाढी करून राह्यलो.” संघदीप निवांत होता. “अव, गाडी साडेबाराची आहे न?”

“साडेबाराची? कोण म्हणलं?”

“तुह्याच मेसेजनं! सगळे खूश आहे. संघटक असावा तर असा, झोपू देणारा.”

ती खाली दगडावरच बसली. यंत्रात वेळ परदेशी घड्याळाची ठेवतात, म्हणून आपल्याकडची वेळ काढायला साडेपाच तास मिळवावे लागतात. तिनं सवयीनं तेच केलं होतं. पण सकाळचे सात तिनं आपल्याच घड्याळाचे लिहिले होते. साताचे झाले साडेबारा. ड्रायव्हरचा नंबरही यादीत होता, म्हणून तोही बिचारा साडेबाराची वाट बघत बसलेला. तिनं त्याला तेवढ्यात फोन लावून पाहिला, पण तो उचलेना. म्हणजे गाडी येणार साडेतीन-चारला. आणि तोवर खाली तांड्यावर एकही मोठं माणूस जेवणार नव्हतं.

ती उतरून आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सरळ नाईकांसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, माझी चूक झाली. पाहुणे चार वाजता येतील. तुम्ही सगळे जेवून घ्या, पाया पडते.”

नाईकांनी मिशीवरून हात फिरवला. “लेकरं खाऊन घेतीन. आमचं काय, पाहुणा वाटेवर आहे.” मग थोडं थांबून, “पण चूक झाली कशी?”

“तिची एकटीची नाही, नाईक.”

बादल मागून येऊन तिच्या शेजारी उभा राहिला होता. “तिनं लिहिलं, पण पास मी केलं. आमच्यात अशी चूक दोघायची असते.”

“मंग पास करताना पाह्यलं नाही काहून?”

बादल पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. नाईकांनी त्याच्याकडे बघितलं, मग मोनालीकडे, मग हंसाबाईंकडे. हंसाबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

“दंड आहे,” नाईक म्हणाले. “आज सगळ्याइले तुम्ही दोघायनं वाढाचं. अन् सगळ्याइच्या मागून जेवाचं.”

चार वाजता गाडी आली. मंडळी गात-ओरडत उतरली आणि चूल झाकून बसलेला तांडा बघून एकदम चिडीचूप झाली. संघदीपनं तर कान पकडले. मग मात्र पंगत बसली ती अशी, की प्रोग्रॅमर कोण आणि तांड्यातला कोण ते कळेना. राखेतले रोडगे अजून गरम होते. बादल रोडगे फोडत पुढे, मोनाली तुपाची वाटी घेऊन मागे.

“हळू चाल न,” ती पुटपुटली. पुण्याच्या त्या फोननंतरचा हा पहिला मऊ शब्द होता.

“तूप सांडून राह्यलं तुह्यं.”

“शेरा मारू नको.”

सगळे उठले तेव्हा पत्रावळी संपल्या होत्या. हंसाबाईंनी घरातून ताट आणलं. एकच आणलं. भिंतीशी ताटांची चळत लावलेली मोनालीनं सकाळीच बघितली होती, पण तिनं दुसरं मागितलं नाही. बादलनंही नाही. दोघं एका ताटात खाली मान घालून जेवले आणि वांग्याची भाजी आजवर इतकी चांगली कधीच लागली नव्हती.

रविवारी सकाळी सागाच्या झाडांवर कागद फडफडत होते. एका झाडाखाली संघदीप सुरक्षित पासवर्डांबद्दल बोलत होता आणि पुढे तांड्यातल्या सहा-सात बाया बसून त्याला मोबाइलवरच्या फसवणुकीचे प्रश्न विचारत होत्या. त्याला उत्तरं देता देता घाम फुटला होता. कोपऱ्यातल्या झाडावर तर चक्क नाईकांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेला कागद होता: ‘वेळ कशी पाळावी.’ तिथं सगळ्यात जास्त गर्दी होती.

मोनाली लॅपटॉप घेऊन काळ्या दगडाकडे निघाली. बादल आधीच तिथं होता.

“ऑफिस उघडं आहे का?”

“तुह्यासाठी हाफ डे.” तो सरकून बसला.

ती शेजारी टेकली. मग तिनं विचारलं, “काल नाईकांना उत्तर नाही दिलं तू. पाह्यलं काहून नाही?”

“पाह्यलं न,” तो म्हणाला. “वरती तुह्यं नाव होतं. मोनाली. नजर तिथंच अडकली... म्हणलं, हे नाव आता पुण्याहून येईन, मंग कमी येईन, मंग येणारच नाही. खालच्या ओळी मले दिसल्याच नाही.”

“अन् फोनवर तर म्हणला, जा न!”

“मंग काय म्हणू?” तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. “राहा म्हणाचं लय मनात होतं. पण आपलंच आपण पास करता येते का? नियम तूच सांगतला. माह्या मनातलं... दुसऱ्या कोणी वाचल्याशिवाय पुढं कसं जाईन?”

वारा आला. एक सागाचं पान तिच्या कीबोर्डवर पडलं आणि ते उचलायला दोन हात एकदम गेले. पान राहिलं तिथंच.

“वाचलं मी,” मोनाली हळूच म्हणाली. “ओळ न् ओळ वाचलं.”

“मंग?”

“सांगते. आधी हे वाच.” तिनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. पुण्याला पाठवायचा मेल तयार होता. वैयक्तिक कारणामुळं मी ऑफिसात येणार नाही, काम यवतमाळ जिल्ह्यातूनच करेन, मंजूर असेल तर आनंद आहे, नसेल तर हाच राजीनामा समजावा. “माझं लिहिलेलं मला पास करता येत नाही.”

बादल वाचू लागला. एक मिनिट गेलं. दोन गेली. पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलासारखा तो एकेक शब्द वाचत होता.

“एवढासा मेल आहे! एवढा वेळ काहून लावून राह्यला?”

“एकदा न वाचता पास केलं तर सगळा तांडा उपाशी राह्यला. आता नाही.” तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. मग थांबला. “एक शेरा आहे. ‘वैयक्तिक कारणामुळं’ लिहिलं. कारण कोणतं ते लिहिलंच नाही.”

“ते त्यांना सांगायचं नाही.”

“मले?”

“तुला तर रोज सांगणार आहे.”

बादलचे कान लाल झाले, अगदी पहिल्या दिवशी झाले होते तसे. खालून हंसाबाई दोघांना जेवायला हाका मारत होत्या. त्यानं मोनालीचा हात हातात घेतला आणि तिच्याच बोटानं पाठवायचं बटण दाबलं.

“पास,” तो म्हणाला.