गरज नाही

गुंटूरच्या मिरचीबाजारात नवखा माणूस आधी शिंकतो, मग कामाचं बोलतो. चंद्रमौळीही शिंकला. शीतगृहाच्या आपोआप लागणाऱ्या दारांसाठी सॉफ्टवेअर करायचं, म्हणून मालकाला काय काय हवं ते विचारून लिहून घ्यायला तो हैदराबादहून आला होता.

मालक कोटय्या गारू वैतागलेच. उद्यापासून बाजाराला महिन्याची सुट्टी, संध्याकाळी विजयवाड्याला लग्न, आणि हे साहेब आत्ता उगवले.

"परत काय विचारता? सकाळीच तुमच्या बाईंनी डोकं खाल्लं. काहीही सांगा, 'आणि तसं नाही झालं तर?' हाच धोशा."

चंद्रमौळीनं उघडलेली वही मिटली. हा धोशा त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या पद्मजाचा.

दोन वर्षांपूर्वी कोळंबीच्या एका शीतगृहासाठी तिनं यादीत शेवटी लिहिलं होतं: आत माणूस राहिला तर? पंधरा दिवसांचं काम वाचावं म्हणून यानं पुढे "गरज नाही" लिहून सही ठोकली. चाचणीला तीच आत गेली आणि दार लागलं. चौकशीत यानं तो कागद गायब केला. बाईंनी हे कधी विचारलंच नाही, असं शपथेवर सांगितलं. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडायला काय जातं?

"दिसायला कशा होत्या?"

"भर मे महिन्यात स्वेटर. चहा प्यायल्या नाहीत, नुसता ग्लास दोन्ही हातांत धरून बसल्या. म्हणाल्या, शेवटचं उत्तर सारच लिहितील. सार म्हणजे तुम्हीच ना, साहेब?"

कोटय्यांनी कागद दिला. तेच तिरकं अक्षर. सगळी उत्तरं भरलेली, शेवटच्या 'आत माणूस राहिला तर?' या ओळीपुढची जागा तेवढी कोरी.

"गेल्या कुठे?"

"आत माप घेतायत. बाहेर आलेल्या काही दिसल्या नाहीत."

कुणीतरी सोंग करतंय, चांगली अद्दल घडवतो, असं पुटपुटत तो तडक आत शिरला. कोटय्या गाडीत बसून निघूनही गेले.

आत छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. गारठा हाडांत शिरत होता. शेवटच्या थप्पीपर्यंत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

मागे दार सरकू लागलं.

तो धावला. ओरडायला तोंड उघडलं आणि मिरचीची धूळ घशात गेली. ठसक्यानं आवाजच फुटेना.

फटीतून येणाऱ्या उजेडात हातातला कागद दिसला. कोरी जागा भरली होती. अक्षर त्याचं. सहीही त्याचीच.

बाहेर हमाल मस्तान वली कुणाला तरी विचारत होता, "अम्मा, आत बघून येऊ का एकदा? कुणी राहिलं असलं तर?"

"सारांना विचारलंय," ती म्हणाली. "गरज नाही म्हणाले."

चहाचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कडीचा.