नाक नको, आकडा सांगा!

हिमबिबट्याच्या मादीला पिल्लं झाली आहेत, एवढंच आम्हाला सिद्ध करायचं होतं. वाक्य सोपं, काम महाकठीण! त्या उंच, ओसाड खोऱ्यातून खाणीचा रस्ता काढायचा की नाही, हे एक समिती महिनाअखेरीस ठरवणार होती. खोऱ्यात बिबट्याची वीण होते याचा फोटो मिळाला, तर रस्ता दुसरीकडून जाणार. नाही मिळाला, तर सुरुंग लागणार. माझी ताई गेली सहा वर्षं त्या फोटोच्या मागे हात धुऊन लागली होती.

मोहिमेत माणसं तीनच. ताई प्राणिशास्त्रज्ञ आणि मोहिमेची प्रमुख. तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, कुत्र्यांचे प्रशिक्षक. मी धाकटा भाऊ. तंबू, स्टोव्ह आणि कुरकुर ही तिन्ही खाती माझ्याकडे. चौथी होती ठिणगी, भाऊजींनी हाताच्या ओंजळीत मावत होती तेव्हापासून वाढवलेली कुत्री. सगळी मोहीम तिच्या नाकावर उभी होती. बिबट्याची विष्ठा दगडांच्या कुठल्याही फटीत असो, ठिणगी ती हुडकायची, तिच्यापुढे बसायची आणि भाऊजींकडे बघायची. मग ताई ती विष्ठा इतक्या आनंदाने डबीत भरायची की मी दिलेल्या वाढदिवसाच्या भेटी उघडताना तो चेहरा मला कधी दिसला नाही.

भाऊजींची एक रीत होती. सकाळी ठिणगीच्या छातीवर कामाचा पट्टा चढवण्याआधी हाताची मागची बाजू तिच्या नाकाला लावायची. नाक ओलं आणि गार असलं की कुत्री ठणठणीत. "नाक ओलं, काम चालू!" असं ते ओरडायचे आणि मगच आमचा चहा व्हायचा. त्यांना हे त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं, त्यांनी आम्हाला शिकवलं, आणि इतक्या वर्षांत त्यावर कुणी शंका काढली नव्हती.

नदी ओलांडून, सुट्या दगडांच्या घसरणीचा लांबलचक चढ चढून आम्ही वरच्या पठारावर पोहोचलो तेव्हा सगळे अर्धमेले झाले होते. त्यामुळे ठिणगी मागे मागे चालते आहे, याचं कुणाला विशेष वाटलं नाही. तिने संध्याकाळचं खाणं हुंगून सोडलं. "उंचीवर भूक मरते," ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चालता चालता दोनदा खाली बसली. "रुसलीय," भाऊजी म्हणाले. "काल पुष्कळ वेळ काही सापडलं नाही ना, तिचा अपमान झालाय." डोळे जरा लाल वाटत होते, त्याला मी वाऱ्याचं कारण दिलं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं. नाक मात्र रोज ओलं लागत होतं. लागणारच, कारण ती ते सारखं चाटत होती.

आणि त्याच दुपारी ती एका कड्याच्या पायथ्याशी थांबली, मान खाली घातली आणि बसली. विष्ठा ताजी होती! शेजारी मऊ मातीत मोठ्या पंजाचा ठसा, आणि त्याच्या कडेला एक लहानसा, अस्पष्ट ठसा. ताई गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत राहिली.

"पिल्लाचा आहे?" मी विचारलं.

"असावा. पण 'असावा' समितीला चालत नाही." तिने समोरच्या डोंगरधारेकडे बोट दाखवलं. "मादीची गुहा त्या धारेपलीकडे आहे. उद्या कॅमेरे लावू. दोन रात्रींत फोटो मिळेल बघ!"

त्या आनंदात ठिणगीला शाबासकी द्यायला सगळे वळलो, तर ती बसल्या जागी आडवी झाली होती.

पहाटे उजाडताना भाऊजींच्या हाकेने मी जागा झालो. ठिणगी थरथरत होती. डोंगरात माणसं कुडकुडायला लागली की आमचा इलाज ठरलेला: झोपण्याच्या पिशवीत घाला, गरम पाण्याच्या बाटल्या लावा, स्टोव्ह जवळ घ्या. आम्ही तेच केलं. भाऊजींनी स्वतःची पिशवी दिली, मी बाटल्या भरल्या, ताईने वरून आपलं जाडजूड जाकीट घातलं. तिघांनी मिळून जिवापाड काळजी घेतली आणि कुत्रीची अवस्था आणखी वाईट केली. थरथर थांबली, पण धाप लागली. जीभ बाहेर, डोळे काचेसारखे, हाक मारली तर कानही हलेना.

"नाक ओलंच आहे," भाऊजी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी औषधांच्या पेटीतून माझी तापाची गोळी काढली. ताईने माझ्या हातातून ती ओढून घेतली. "थांब! आधी विचारू." तिने सॅटेलाइट फोनवरून खालच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरला उठवलं. डॉक्टरबाईंचा आवाज झोपेतून उठलेल्या माणसाचा होता, पण प्रश्न कडक होते.

"नाक ओलं आहे हो डॉक्टर, पण..." भाऊजींनी सुरुवात केली.

"नाक नको, आकडा सांगा! नाकावरून ताप कळत नाही. थर्मामीटर आहे ना? शेपटीखालून लावायचा. टोकाला व्हॅसलीन लावा."

व्हॅसलीन होतं, माझ्या फुटलेल्या ओठांसाठी आणलेलं. मी ते विनातक्रार देऊन टाकलं आणि त्यानंतर परत मागितलं नाही. भाऊजींनी ठिणगीचं डोकं मांडीवर घेतलं, ताईने शेपटी उचलली, थर्मामीटर आत गेला. बीप वाजला.

"एक्केचाळीस पूर्णांक एक," ताई म्हणाली.

"हा बिघडलाय!" मी ओरडलो.

"बिघडलेला नाही," फोनमधून आवाज आला. "कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं. अडतीस ते एकोणचाळीस म्हणजे तिची रोजची तब्येत. एक्केचाळीसच्या वर म्हणजे जिवाशी गाठ. थरथर थंडीची नव्हती, तापाची होती. तिला गरम कशात ठेवलंय का?"

भाऊजींनी झटक्यात पिशवीची चेन उघडली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी भराभर सांगितलं. सगळी पांघरुणं काढा. पंजे, कान आणि पोट थंड पाण्याने ओलं करा, वारा घाला. बर्फ लावू नका, बर्फाने कातडी आक्रसते आणि आतली उष्णता आतच राहते. शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी. माणसांची एकही गोळी नाही, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांना विष आहेत. साडेएकोणचाळीसच्या आत आली की पाणी थांबवा, नाहीतर उलट गारठेल. आणि अंगभर हात फिरवा. ताप उगाच येत नाही, कुठेतरी काहीतरी सडत असतं.

आम्ही कामाला लागलो. मी नकाशाने वारा घातला. ताईने ओल्या रुमालाने पंजे पुसले. भाऊजींची बोटं तिच्या केसांतून इंच इंच फिरत होती. पुढच्या पायाच्या मागे, नेमकी कामाच्या पट्ट्याखाली बोटं थांबली. तिथे लिंबाएवढी गाठ होती, गरम, तटतटलेली. काटा घुसला असणार, आणि रोज आम्ही त्यावरच पट्टा आवळत होतो.

"फोडू नका, दाबूही नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विष रक्तात चाललंय. तिला इंजेक्शन हवं, आणि गाठ इथे टेबलावरच उघडायला हवी. आज! ती लहान पिल्लू असती तर एवढा वेळही मिळाला नसता."

फोन बंद झाला. थर्मामीटर चाळीस पूर्णांक तीनवर उतरला होता. धारेवर ऊन पडलं होतं आणि धारेपलीकडे गुहा होती.

हिशेब तिघांनाही कळत होता. घसरणीवरून झोळी न्यायला दोन माणसं लागतात, तिसरा दोरावर. दुपारी वरचा बर्फ वितळून नदी फुगते. त्याआधी ती ओलांडायची. म्हणजे सगळ्यांनी निघायचं, आणि आत्ता निघायचं. भाऊजी बायकोकडे बघत नव्हते. 'मोहीम सोड' हे तिच्याकडे मागायची त्यांची हिंमत होत नव्हती.

ताईने बूट बांधले. "बघताय काय अहो? झोळी करा. तिला डॉक्टरकडे सोडू, आणि कॅमेरे घेऊन मी आणि हा शहाणा परत वर येऊ. अजून दिवस आहेत." मग ती माझ्यावर खेकसली, "तंबू राहू दे इथेच! काय बघतोयस?"

तंबूचं आवरण आणि दोन काठ्या यांची झोळी झाली. कॅमेऱ्यांची पिशवी मागे सोडून जायला ताईचा जीव होईना; ती तिने स्वतःच्या खांद्याला अडकवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

घसरणीने आमचा दम काढला. पाऊल टाकावं तिथे दगड सरकत होते. मी पुढे, भाऊजी मागे, ताई वरून दोर सोडतेय. मध्येच वरून घरंगळत आलेला एक धोंडा आमच्या मधून गेला! झोळीच्या खालून! भाऊजींनी ती वेळेवर उचलली नसती तर... ते फक्त "चल" म्हणाले. थोड्या थोड्या वेळाने आम्ही थांबायचो, ते थर्मामीटर लावायचे, आणि मी बाटलीतलं पाणी तिच्या पंजांवर ओतायचो. चाळीस. मग पुन्हा चाळीस पूर्णांक सहा. ती आता भाऊजींकडेही बघत नव्हती.

नदीवर पोहोचलो. पाणी चढायला लागलं होतं. सकाळी दिसले असते ते दगड आता फेसाखाली होते.

ताई दोर घेऊन आधी पलीकडे गेली, दोर एका खडकाला गुंडाळून धरून उभी राहिली; दुसरं टोक भाऊजींच्या कमरेला होतं. आम्ही झोळी खांद्यांवर घेतली आणि उतरलो. पाणी गुडघ्यांपर्यंत. मग मांड्यांपर्यंत. थंडीने पाय आपले राहिले नाहीत. अर्ध्यावर भाऊजींचा पाय निसटला!

ते पडले. झोळी कलली. ठिणगी पाण्यात गेली, भाऊजींनी तिचा मानेजवळचा पट्टा पकडला, आणि प्रवाहाने दोघांना ओढलं. दोर ताणला. सगळं वजन ताईच्या हातांवर आलं. ती पुढे फरपटली, खडकावर आपटली, आणि खांद्यावरची पिशवी घसरून तिच्या कोपराशी आली. तो हात अडकला. दोर सुटू लागला.

"पिशवी सोड!" मी बोंबललो.

ओरडायची गरज नव्हती. तिने कोपर झटकलं. पिशवी पाण्यात पडली, एकदा वर आली आणि गेली. ताईने दोन्ही हातांनी दोर धरला, टाचा रोवल्या आणि ओढलं. मी भाऊजींना मागून ढकललं. भाऊजी गुडघ्यांवर काठाला लागले. कुत्री त्यांच्या छातीशी होती.

ती श्वास घेत होती! ताईने थर्मामीटर लावला. एकोणचाळीस पूर्णांक दोन. "पुसा तिला आता, कोरडी करा," ती म्हणाली. नदीच्या दिशेने तिने एकदाही मान वळवली नाही.

डॉक्टरबाईंची खोली लहान होती. स्टीलचं टेबल, त्यावर रबरी चटई, भिंतीवर दात दाखवणाऱ्या कुत्र्याचं चित्र, कोपऱ्यात बादली. त्यांनी गाठीवरचे केस भादरले, सुई टोचली, छेद दिला. घाण वासाने मला भिंत धरावी लागली. चिमट्यात एक काटा आला, बोटाच्या पेराएवढा. एवढ्याशा काट्याने आमची सगळी मोहीम परत आणली होती.

सलाइन लागलं, इंजेक्शनं झाली. आम्ही फरशीवर ओल्या कपड्यांनी बसलो. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. डॉक्टरबाई मधून मधून ताप बघत होत्या आणि आकडा मोठ्याने सांगत होत्या. तो आता खाली आला की वर जात नव्हता. शेवटी ठिणगीने डोकं उचललं, भाऊजींना शोधलं आणि त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकवली. भाऊजी धाय मोकलून रडले. माझेही डोळे भरून आले, आणि मी ते वासावर ढकलले नाहीत.

"महिनाभर काम नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण वाचली."

ताई उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने मीही गेलो. ती पायरीवर बसली होती. समोर रस्त्यावर एक ट्रक डिझेल भरत होता, त्यापलीकडे डोंगर ढगात गेले होते. कॅमेरे नव्हते, कुत्री कामाला नव्हती, आणि समिती कुणासाठी थांबणार नव्हती. ताईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी शेजारी टेकलो. आणि नको तेच विचारलं.

"ताई, कशासाठी रडतेयस? ठिणगी वाचली म्हणून, की खोरं गेलं म्हणून?"

"उजवा डोळा तिच्यासाठी, डावा खोऱ्यासाठी," ती म्हणाली. "आता सरक तिकडे, दोन्ही मोकळे होऊ देत."