मोहाखालचा द्रोण

बसा. दिवा जरा उशिरा लावीन, आमच्या घरी सांजेला दिव्याची घाई करत नाहीत.

दीपाली माझी सून. नाल्याला पूर, दवाखान्याची गाडी आली नाही, म्हणून बाळंतपण घरीच झालं. नातू अगदी बारका, आवाज चिमणीएवढा. गावातली आशाताई बजावून गेली होती की लगेच अंगावर पाजा. पण आमच्यात पहिला पिवळा चीक बाळाला देत नसत, जड पडतो म्हणत. तो पिळून मोहाच्या झाडाच्या बुडाशी ओतायचा अन् बाळाला गुळाचं पाणी द्यायचं. आशाताईचं ऐकते कोण? घरात माझंच चालायचं.

दिवस मावळताना चिकाचा द्रोण घेऊन मी निघाले.

“आई, बाळ थंडं पडून राह्यलं,” दीपाली म्हणाली. “थोडं पाजू द्या नं.”

“उद्या पाजजो.”

मोह गावाबाहेर आहे. अंगावरची लेकरं गेली की त्यांना आम्ही त्याच्याच मुळाशी पुरतो. झाड त्यांना दूध पाजतं म्हणतात. माझी पहिली पोरगी तिथंच आहे. तीही गुळाच्या पाण्यावरच गेली.

मी द्रोण कलता केला. धार पडली, पण माती भिजेना. चीक वरच्या वर नाहीसा होत होता... मग खालून आवाज आला. चुटूक... चुटूक... लुचल्याचा. आधी माझ्या पायाशी, मग एकेका मुळापाशी. बाळाच्या टाळूवरच्या तेलाचा वास सुटला.

भीती होतीच, पण खरं सांगते, लाज जास्त वाटली. जितेपणी तोंडचं काढून घेतलं अन् मेल्यावर ओतायला आले होते मी.

पळत घरी आले. लाइट गेली होती. अंधारातच नातवाला दीपालीच्या डाव्या अंगाशी लावलं.

“पाज बाई. माह्यं चुकलं.”

तो लुचू लागला. हळूहळू तळपाय गरम झाले, डोळा लागला. मी त्याला उचलून पदरात घेतलं.

“आई...” दीपालीचा आवाज अगदी बारीक झाला. “बाळ तुमच्यापाशी आहे नं?”

“आहे.”

“मंग हे... उजवीकडं कोन पिऊन राह्यलं?”

चुटूक... चुटूक... तोच तेलाचा वास. दिवा हाताशी होता, पण लावला नाही. कोणत्या तोंडानं पाहणार होते मी माझ्या पोरीकडे?

“पिऊ दे, बाई,” एवढंच म्हणाले.

नातू आता अंगणभर धावतो, त्याचं अंगावरचं केव्हाच सुटलं. तरी सांजेला दीपाली उजवा पदर सैल करून भिंतीशी बसते. आवाज थांबला की मग मी दिवा लावते.