जमिनीवरून काढलेले फोटो

लग्न खरं की नुसतं कागदावरचं, हे कात्रीकाका फोटोवर एक नजर टाकून सांगत. पंचवीस वर्षांत आपली नजर एकदाही चुकली नाही, असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून ऐकवत. आणि लगेच स्वतःच जोडत, की आपली बायको घर सोडून गेली हे मात्र आपल्याला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही दूध नासलं म्हणून.

लॉन्ड्रीच्या डोक्यावर त्यांची एक खोली होती. खाली यंत्रं फिरायला लागली की वरची फरशी थरथरायची आणि टेबलावरच्या टाचण्या आपोआप चालायच्या. साबणाच्या वाफेने कपाटातल्या फाइलीसुद्धा धुतल्यासारख्या वास मारत. परदेशातून आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला या देशात कायमचं राहायचं असेल तर सरकारला पटवावं लागतं, की ही दोघं खरोखर एका छपराखाली राहतात, एका पातेल्यातलं खातात, एकमेकांवर रुसतात. त्याचा पुरावा गोळा करून फाइल लावायची, हा काकांचा धंदा. दोघांच्या नावाचं विजेचं बिल, भाडेकरार, शेजाऱ्यांची पत्रं, आणि सगळ्यात महत्त्वाचे फोटो. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या: जागा, दिवस आणि फोटो कोणी काढला. मुलाखत घेणारा साहेब नेमकी तिसरीच विचारतो. दोघंही फोटोत आहात, मग कॅमेऱ्यामागे कोण होतं?

काकांची कात्री शिंप्याची असते तशी, लांब पात्यांची. फोटोत जे नको असेल ते काका तिने कापून टाकत. बिअरचा ग्लास, तोंड वाकडं केलेली सासू, नवरदेवाच्या खांद्यावर विसावलेला भलत्याच बाईचा हात. फाइलीत हसरी माणसं हवीत, यावर त्यांचा फार विश्वास.

खोड्या काढायची हौस मात्र म्हातारपणातही सुटली नव्हती. नवं जोडपं आलं की ते बायकोला टेबलाचा खण उघडून पेन काढायला सांगत. खणात रबरी पाल. बाई ओरडली की नवरा काय करतो ते काका चष्म्यावरून बघत. हसतो, सावरतो की मोबाइल चाळतो. हाही एक पुरावाच, म्हणे.

त्या सोमवारी लिफ्टवाला, काकांचं जुनं गिऱ्हाईक, आपल्या बायकोला घेऊन आला. माणूस लिफ्टची दुरुस्ती करायचा. खांदे असे, की दारातून तिरका होऊन आत शिरला. बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिची पहिल्या लग्नाची आठ वर्षांची मुलगी मागे, मायदेशी, मावशीकडे होती. हिचे कागद झाले की त्याच कागदांवर मुलगी येणार. एवढं बोलताना तिने नवऱ्याकडे तीनदा पाहिलं.

काकांनी खण उघडायला सांगितलं. पाल दिसली, पण बाई ओरडली नाही. तिने कोपर वर उचलून तोंड झाकलं आणि तशीच थांबली. पालीला कोणी असं घाबरत नाही. लिफ्टवाला गडगडाटी हसला, काकाही हसले. पंचवीस वर्षांची नजर तेवढ्यापुरती खिडकीबाहेर गेली.

लिफ्टवाला बुटांच्या खोक्यात तीस-चाळीस फोटो ठेवून निघून गेला. बागेतले, वाढदिवसाचे, लग्नाच्या कचेरीतले. काका दुसऱ्या दिवशी सकाळी ते लावायला बसले तेव्हा खोक्याच्या तळाशी आणखी अकरा निघाले. सगळे घरातले आणि सगळे विचित्र. टेबलाचे पाय झाडाच्या खोडांएवढे, चपला तोंडाशी आणि माणसं वर, लांब. कोणीतरी जमिनीवर गाल टेकून काढावेत तसे. पहिल्यात लिफ्टवाला आणि ती ओट्याशी उभी होती. दोघांचेही दात दिसत होते. हसरा फोटो म्हणून काकांनी तो वेगळा काढला. मग चष्मा पुसून पाहिलं. त्याची डावी मूठ तिच्या केसांत होती आणि तिचे दात हसण्याने दिसत नव्हते.

काकांनी काय करावं? तेच केलं, जे हात नेहमी करतात. कात्री घेतली आणि त्याची मूठ मनगटापासून कापून टाकली. बाकीचा फोटो बरा दिसत होता.

फक्त कात्री अडली. कागद कापताना अशी अडत नाही. आधी काहीतरी चिवट, मग कडक, मग कट्‌ असा आवाज, आणि एकदम मोकळं. पात्याला ओलसर काहीतरी लागलं होतं. गोंद असेल, म्हणून काकांनी ते धोतराला पुसलं. धोतरावरचा डाग तांबडा होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा.

दुपारी बाईचा फोन आला. फाइल दोन दिवस थांबवा म्हणाली. नवऱ्याला अपघात झालाय. लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना बंद असलेली लिफ्ट आपोआप खाली आली, डावा हात मनगटापासून गेला. काकांनी विचारलं, किती वाजता? तिने सांगितलं आणि काकांनी फोन उलटा ठेवला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच आली, सह्या करायला. काकांनी दार लावून घेतलं आणि उरलेले दहा फोटो तिच्यासमोर मांडले. एकात गरम इस्त्री तिच्या दंडावर टेकवलेली. एकात तिचं तोंड भांडी घासायच्या पाण्यात दाबलेलं. एकात ती फरशीवर पडलेली, आणि त्याचा बूट तिच्या बोटांवर. तिने बाही वर केली. दंडावर इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोण होता, नीट, शाळेतल्या भूमितीसारखा.

"हे काढले कोणी?" काकांनी हळूच विचारलं.

"घरात आम्ही दोघंच असतो, काका."

त्यांनी एक फोटो उलटा केला. पाठीवर पेन्सिलीने, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: स्वयंपाकघर. मंगळवार. फोटो काढणारी, मी.

दहाही फोटोंवर तेच. जागा, दिवस, मी.

ते अक्षर काकांना ओळखीचं वाटलं. ते उठले, कपाटाच्या तळातून सहा वर्षांपूर्वीची एक फाइल ओढून काढली आणि टेबलावर उघडली. लिफ्टवाल्याची पहिली फाइल. तिच्यात पहिली बायको. तीही अशीच परदेशातून आलेली, अक्षर सुरेख म्हणून फोटोंच्या पाठी काकांनी तिलाच लिहायला बसवलेलं.

मग सांगणं भाग पडलं, तसं काकांनी खाली मान घालून सांगितलं. ती एकदा एकटीच आली होती. डोळा सुजून बंद झालेला. सोबत स्वतःचाच त्या डोळ्याचा फोटो, हा फाइलीत लावा म्हणाली. काकांनी तिला समजावलं, की असा फोटो लावला तर लग्न मोडकं दिसेल. एक फालतू विनोद केला, तिला हसवायला. फोटोचा तेवढा भाग कापून टाकला. ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात लिफ्टवाल्याने कळवलं, की अर्ज मागे घ्या, ती माहेरी निघून गेली.

"पोचली का ती?" बाईने विचारलं.

काकांनी कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटतं, ती कुठे गेलीच नाही. तुमच्या स्वयंपाकघरातली फरशी... नवी आहे का गं?"

बाई टेबलावरच्या कापलेल्या फोटोकडे बघत होती. ही मूठ तुम्ही कधी कापलीत, असं तिने विचारलं. काकांनी वेळ सांगितली. तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि तिचा चेहरा इतका शांत झाला, की काकांना पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

काका घाईघाईने समजावू लागले. हे फोटो कापायचे नाहीत, जपायचे. नवरा मारतो याचा पुरावा असेल तर बायकोला स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज करता येतो, नवऱ्याच्या सहीशिवाय. वेळ लागेल, दोन वर्षं, तीन वर्षं. पण...

"तोवर मी त्याच घरात राहू?" ती म्हणाली.

तेवढ्यात लाथेने दार उघडलं.

लिफ्टवाला दारात होता. डाव्या हाताच्या टोकाला पांढरं गाठोडं, त्यातून लाल पाझरलेलं. इस्पितळातून न सांगता निघून तो तिच्या मागे दुकानापासूनच आला होता. टेबलावरचे फोटो पाहिले आणि त्याला वाटलं, की हिनेच कोणाकडून तरी काढवून घेतले. तो ओरडला नाही, हेच भयंकर होतं. शहाण्या माणसासारखं म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा." आणि उजव्या हाताने तिची मान धरून तिचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. कपाट घंटेसारखं वाजलं आणि वरच्या फाइली भराभरा खाली आल्या.

काका मध्ये पडले. म्हणजे खरोखरच पडले. पोटात लाथ बसली, कवळी उडून टोपलीत गेली आणि ते टेबलाखाली गाल फरशीला लावून आडवे झाले. श्वास येईना. डोळे उघडले तर समोर टेबलाचे पाय, झाडाच्या खोडांएवढे. तोंडाशी बूट. वर, लांबवर, दोन माणसं. हेच ते चित्र. हीच ती जागा, जिथून ते फोटो...

त्यांच्या कानाजवळ, अगदी जवळ, काहीतरी टिक्‌ वाजलं.

खालची यंत्रं थांबली होती. साबणाचा वास गेला आणि ओल्या सिमेंटचा वास आला. मानेवर गार श्वास लागत होता. त्या बाजूला वळून बघायचं धैर्य काकांना झालं नाही, आणि ज्यांना झालं असतं त्यांनी येऊन माझ्याशी पैज लावावी.

वर बाईचा गळा आवळलेला होता. जीभ बाहेर. पण एक हात टेबलावर चाचपडत होता. त्या हाताला कात्री लागली. दुसऱ्या हाताला फोटो, बोटांवर बूट ठेवलेला तो. शिवणकाम करणारीचा हात, त्याला बघावं लागत नाही. तिने कात्री उघडली आणि फोटोतल्या बुटाच्या वर, गुडघ्याच्या खाली, एकदाच, सरळ चालवली.

कट्‌.

लिफ्टवाल्याच्या पायाला कोणी हात लावला नव्हता. तरी त्याची विजार नळीच्या मध्यावर आत दबली, जणू दोन पात्यांत सापडली, आणि हाड कापड फाडून बाहेर आलं. तो कोसळला तेव्हा त्याचं तोंड काकांच्या तोंडासमोर आलं. त्याची नजर काकांच्या खांद्यावरून मागे गेली, तिथे जे कोणी होतं त्याच्यावर. मग तो जो ओरडला, ते लॉन्ड्रीतल्या बायकांनी खाली ऐकलं, गल्लीतल्या कुत्र्यांनी ऐकलं. ते ओरडणं पायाचं नव्हतं.

रुग्णवाहिकेतल्या माणसांना बाईने सांगितलं, की हे जिन्यावरून पडले. गळ्यावरचे वळ पदराने झाकले. लिफ्टवाल्याला काही विचारलं, तर तो फक्त मान हलवून हो म्हणत होता. कशालाही हो.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली. कपाळावर टाके, काखेत बुटांचं खोकं. नवरा घरी आलाय म्हणाली, खाटेवर असतो, बोलत नाही, स्वयंपाकघराच्या फरशीकडे बघत राहतो. काका पोलिसांचं नाव काढायला लागले, ती फरशी उखडायला हवी म्हणाले. बाईने खोकं टेबलावर उपडं केलं.

शंभर तरी असतील. रोज सकाळी उशाशी नवे मिळतात म्हणाली. सगळ्यांत लिफ्टवाला. झोपलेला, खाताना, रडताना. खाटेखालून काढलेला, दाराच्या फटीतून काढलेला. पाठीवर तेच वळणदार अक्षर.

एक फोटो मात्र त्याचा नव्हता. त्यात टेबलाखाली पडलेला एक म्हातारा होता, बिनदातांचा, डोळे घट्ट मिटलेले. इतक्या जवळून काढलेला, की त्याच्या पापण्यांचे केस मोजता यावेत. काकांनी तो उलटा करून पाहिला. जागा होती, दिवस होता. तिसऱ्या ओळीत मात्र या वेळी ‘मी’ नव्हतं. लिहिलं होतं: अजून कापायचा नाही.

बाईने तो त्यांच्या हातातून हलकेच घेतला आणि आपल्या पिशवीत ठेवला. मग खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरची कात्री उचलली.

काका म्हणाले, "पोरी, ऐक माझं. तो मेला तर हा अर्जही मेला. तुझी मुलगी तिकडेच राहील. नवरा जिवंत लागतो गं, मुलाखतीला जिवंत लागतो..."

"मी कुठे मारतेय त्याला, काका?" ती म्हणाली, आणि पहिला फोटो उजेडात धरला. "हो म्हणायला जीभ लागते, सहीला उजवा हात लागतो. अर्जाला नवऱ्याचं आणखी काय काय लागतं, तेवढं सांगा. बाकीचं मी वेगळं काढते."